पत्रावरचं पद आणि हातचं काम

अलीकडेच आमच्याकडे एका मुलाची ऑफर थांबली. मुलगा बार्शीकडचा, पुण्यात एका मोठ्या सर्व्हिस कंपनीत चार वर्षं काढलेला. जावा पक्की. एपीआयची रचना फळ्यावर मांडताना कुठेही अडखळला नाही. सगळ्या फेऱ्या पार झाल्या, कागद बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनला गेले आणि तिथून शेरा आला: रेझ्युमेवर ‘सीनिअर बॅकएंड डेव्हलपर’, अनुभवपत्रावर वेगळंच पद. एचआरने फाईल बंद केली. काम त्याने खरं सांगितलं होतं, पद मात्र स्वतःच ठरवलं होतं. माझ्या मनातून ते जात नाही, म्हणून आज त्यावर लिहितो आहे.

त्याची अडचण मला कळते. इन्फोसिसमध्ये नवा मुलगा ‘सिस्टीम्स इंजिनिअर’ म्हणून लागतो, विप्रोत ‘प्रोजेक्ट इंजिनिअर’, टीसीएसमध्ये ‘असिस्टंट सिस्टीम इंजिनिअर’, कॉग्निझंटमध्ये ‘प्रोग्रॅमर अ‍ॅनालिस्ट ट्रेनी’. एकाच बॅचमधल्या दोघांपैकी एक पेमेंटचं मॉड्यूल लिहीत असतो, दुसरा रात्रपाळीत तिकिटं बंद करत असतो आणि दोघांच्या पत्रावर पद एकच. उलट परदेशी बँकांच्या तंत्रज्ञान केंद्रांत दिवसभर कोड लिहिणारा माणूस ‘व्हाइस प्रेसिडेंट’ असू शकतो. रिक्रूटर नोकरीच्या पोर्टलवर ‘जावा डेव्हलपर’ असं टाकून शोधतो. मग आपलं नाव वर येणार कसं, ही धास्ती खोटी नाही.

तरीही पद पत्रात आहे तसंच लिहावं. त्याच्यापुढे एक आडवी रेघ ओढून काम लिहावं: ‘सिस्टीम्स इंजिनिअर – बॅकएंड डेव्हलपमेंट, जावा’. शोधणाऱ्याला हवा तो शब्द सापडतो आणि पडताळणाऱ्याला हवं ते पदही. कामाचं स्वरूप सांगणारे शब्द असे जोडायला माझी काहीच हरकत नाही. ‘सीनिअर’, ‘लीड’, ‘आर्किटेक्ट’ हे मात्र कंपनीने दिले असतील तरच लिहायचे, कारण त्यांनी हुद्दा वाढतो. टीम लीड सगळ्यांसमोर ‘आमचा सीनिअर’ म्हणत असेल, पण पडताळणीचा मेल जातो एचआरला आणि एचआर सिस्टीममध्ये बघूनच उत्तर देतं.

ही पडताळणी आता वरवरची राहिलेली नाही. २०१४पासून पीएफला यूएएन आला आणि कुठल्या कंपनीत कधी लागलात, कधी सोडलंत, हे सगळं एका नंबराखाली दिसायला लागलं. फॉर्म २६एएसमध्ये टीडीएस कुणी कापला ते दिसतं. त्यामुळे थर्ड पार्टी पेरोलवरच्या मुलांनी विशेष सांभाळावं. गळ्यात क्लायंटचं कार्ड, बसायला क्लायंटचं ऑफिस, पण पगार देणारी कंपनी तिसरीच, फारशी कुणाला माहीत नसलेली. संकोचाने तिचं नाव गाळलं जातं. आधी पगार देणाऱ्याचं नाव लिहा, खाली क्लायंटचं. त्यात कमीपणा कसला? बढती मिळाली असेल तर एकाच कंपनीखाली दोन्ही पदं आपापल्या तारखांसह लिहा. शेवटचं पद सगळ्याच वर्षांवर पसरवलं, तर बढती मिळाली हीच जमेची गोष्ट झाकली जाते.

‘तीन वर्षांचा अनुभव लावून देतो’ म्हणणाऱ्या क्लासवाल्यांचा मला संताप येतो. शेतीवर कर्ज काढून पोराला पुण्यात ठेवणाऱ्या आईबापांचे पैसे ते घेतात आणि मुलाच्या हाती नावापुरत्या कंपनीचं पत्र देतात. पकडला जातो तो मुलगा. क्लास दुसऱ्या गाळ्यात पुन्हा सुरू होतो.

पण वाढवून लिहिणाऱ्यांपेक्षा जास्त वाईट मला वाटतं ते कमी लिहिणाऱ्यांबद्दल. आणि असे रेझ्युमे कितीतरी येतात. परवा एका मुलीच्या रेझ्युमेत प्रोजेक्टखाली अख्खा परिच्छेद क्लायंटबद्दलच होता: अमेरिकेतली विमा कंपनी, तिचा पसारा, तिच्या सेवा. खाली ‘वर्क्ड ऑन’ म्हणून तंत्रज्ञानांची रांग. मी विचारलं, ‘यात तुम्ही काय केलंत?’ थोडा वेळ गप्प राहिली, मग बोलायला लागली. हप्ते मोजणारी रात्रीची बॅच पहाटेपर्यंत रेंगाळायची. तिने लॉग चाळले तेव्हा दिसलं, की प्रत्येक पॉलिसीसाठी डेटाबेसला वेगळी क्वेरी जाते आहे. तिने त्या एकत्र केल्या, एका कॉलमवर इंडेक्स लावला आणि बॅच मध्यरात्रीच्या आत संपायला लागली. सकाळच्या शिफ्टचं ताटकळणं थांबलं. ‘हे रेझ्युमेत का नाही?’ ‘सर, ते टीमचं काम होतं ना.’

टीमचं होतंच. पण लॉग तिने चाळले होते. माझा आग्रह आहे तो एवढाच: काय अडलं होतं, मी काय शोधलं, काय बदललं, फरक काय पडला, हे दोन ओळींत लिहा. मदत केली असेल तर ‘मदत केली’ लिहा. आकडा स्वतः मोजला असेल तरच द्या, कारण ‘कसा मोजला?’ हा आमचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो. क्लायंटचं नाव गोपनीय असेल तर ‘अमेरिकेतली एक विमा कंपनी’ पुरेसं आहे.

सपोर्टचं काम डेव्हलपमेंट म्हणून खपवू नका. मुलाखतीत ते पहिल्या काही मिनिटांत उघडं पडतं. शिवाय लपवण्यासारखं त्यात आहे काय? रात्री तीन वाजता प्रॉडक्शन बंद पडल्यावर नुसता सर्व्हर रिस्टार्ट न करता मूळ कारणापर्यंत गेलेला माणूस मला माझ्या टीममध्ये हवाच असतो. तीच गोष्ट बेंचची, म्हणजे प्रोजेक्टविना काढलेल्या महिन्यांची. ते महिनेही नोकरीतलेच, त्यांच्यासाठी प्रोजेक्ट रचू नका. बाळंतपणासाठी, आईवडिलांच्या आजारपणासाठी घेतलेली सुट्टी एका ओळीत सरळ लिहा. ती वाचून रेझ्युमे बाजूला ठेवणारे आहेत, हे मला माहीत आहे आणि ते चूक करतात असं माझं ठाम मत आहे.

नोकरी सोडणार असाल तर आणखी एक करा. बहुतेक अनुभवपत्रांवर फक्त शेवटचं पद असतं. नोटीस पिरियड चालू असतानाच एचआरकडे सगळी पदं आणि त्यांच्या तारखा असलेलं पत्र मागा. बढतीची पत्रं, पगाराच्या स्लिपा, फॉर्म १६ तेव्हाच उतरवून घ्या. लॅपटॉप परत केला की कंपनीचा मेल बंद होतो आणि मग एकेका कागदासाठी महिनोन्‌महिने विनवण्या कराव्या लागतात.