ईदची नवी चादर कुणासाठी?

रमजानचा दुसरा अशरा संपत आला की आपल्या घरांत दोन कामे एकदम सुरू होतात. एक म्हणजे शेवटच्या दहा रात्रींच्या इबादतीची तयारी आणि दुसरे म्हणजे घराची आवराआवर. पडदे उतरतात, गाद्या गच्चीवर जातात, वर्षभर बंद असलेल्या पेट्या उघडतात. चंद्रपुरात इफ्तारनंतर गांधी चौक ते जटपुरा गेटच्या रस्त्यावर आणि गोल बाजारात चादरी, उशांचे अभ्रे, गालिचे पाहणाऱ्यांची गर्दी होते. बल्लारपूर, देसाईगंज, गडचिरोली, आलापल्ली, सिरोंचा या गावांत दुकाने कमी, पण हौस तीच. ईदला घर नवे दिसले पाहिजे!

या हौसेत गैर काही नाही. इस्लामने घर सजवायला बंदी केली, असा समज करून घेण्याचे कारण नाही. कुरआनच्या सूरह नहलमध्ये अल्लाहने माणसाला दिलेल्या देणग्या मोजल्या आहेत. त्यांत विसाव्याची जागा म्हणून घर आहे आणि लोकर व केसांपासून होणारे घरातले सामानसुमानही आहे. जन्नतचे वर्णन करताना सूरह गाशियामध्ये ओळीने मांडलेल्या उशा आणि अंथरलेले गालिचे येतात. मऊ अंथरूण ही अल्लाहची नेमत आहे. प्रश्न एवढाच, की ते किती असावे, कुणासाठी असावे आणि घरात नवे आले की जुन्याचे काय करावे.

'किती' याचे उत्तर सहीह मुस्लिममधल्या एका हदीसमध्ये अगदी घरगुती भाषेत मिळते. हजरत जाबिर (रजि.) यांच्या कथनाचा आशय असा : एक अंथरूण पुरुषाचे, एक त्याच्या पत्नीचे, तिसरे पाहुण्याचे आणि चौथे सैतानाचे. मुलेबाळे, म्हातारे आईवडील असलेल्या घरात अंथरुणे जास्त लागणारच, हे उलेमांनीही सांगितले आहे. चौथ्या अंथरुणाचा अर्थ गरजेपलीकडचे, केवळ दाखवण्यासाठी ठेवलेले, असा ते करतात. या हदीसमधले तिसरे अंथरूण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. स्वतःच्या लगोलग पाहुण्याची मोजणी आहे. आपल्या घरांत आज नेमके उलटे होते. दिवाणखान्यात जाड गालिचा, दिवाणावर मखमली खोळ, आणि रात्री मुक्कामाला कुणी राहिले की आत शोधाशोध : उशी कुठे आहे, ही चादर फाटली तर नाही ना? दाखवायचे अंथरूण तयार असते, झोपायचे नसते.

दुसरा प्रसंग हजरत आयशा (रजि.) यांचा. त्यांनी घरात चित्रे असलेला पडदा लावला होता. प्रेषितांना (स.) तो आवडला नाही. हजरत आयशांनी तो फेकला नाही. कापून त्याच्या उशा केल्या आणि त्या घरात वापरल्या गेल्या. चित्रांबद्दलचा मसला आलिम लोक सांगतील. घर चालवणाऱ्या बाईला यात आणखी एक गोष्ट दिसते. प्रेषितांच्या घरातही कापडाचे कापडच राहिले, कचरा झाला नाही. आपल्या आजी-नानी हेच करत होत्या. जुन्या लुगड्यांची गोदडी, फाटक्या चादरीचा मधला धड भाग काढून पाळण्यातले दुपटे, आणि अगदी शेवटी उरले ते पायपुसणे.

या जिल्ह्यांत तर हे करणे अवघड नव्हतेच. वरोरा, भद्रावती, राजुरा, कोरपना हा आपला कापसाचा पट्टा. घरोघरी कापसाची गादी होती आणि ती पिंजणारा माणूस होता. धुनकी खांद्यावर टाकून, तिची तार छेडत गल्लीतून जाणारा पिंजारी आज क्वचित दिसतो. त्याचे काम आता विजेच्या मशीनवर होते. पिंजारी, नदाफ, मन्सुरी या नावांनी ओळखला जाणारा हा समाज बहुतांशी मुसलमान आहे आणि महाराष्ट्राच्या इतर मागासवर्गीयांच्या यादीत आहे. 'मन्सुरी' हे नाव तो समाज सूफी मन्सूर अल-हल्लाज यांच्याशी जोडतो. सन 922 मध्ये बगदादमध्ये ज्यांना देहदंड झाला, ते हेच. 'हल्लाज' या अरबी शब्दाचा अर्थच मुळी पिंजारी. ज्या नावाला आपण अदबीने मान लवतो, त्या नावाचा धंदा करणारा माणूस आपल्या मोहल्ल्याच्या कोपऱ्यावर गिऱ्हाईक शोधत बसला आहे.

कापसाच्या गादीची खुबी अशी, की ती पुन्हा नवी होते. वर्षा-दोन वर्षांत कापूस दबतो, त्याचे गोळे होतात. तो बाहेर काढून पिंजला की तंतू सुटे होतात, धूळ झडते, त्यात थोडा नवा कापूस मिसळून नवी खोळ शिवली की झाली गादी. फोमची गादी एकदा बसली की बसली, तिला पिंजणारा कुणी नाही. स्वस्त तयार गाद्यांत अनेकदा रंगीत चिंध्यांचा भुगा भरलेला असतो. घेताना कडेची शिवण थोडी उसवून आत काय आहे ते पाहावे, लाजू नये.

आपल्या हवेचाही विचार करा. चंद्रपूर आणि ब्रह्मपुरीचा पारा उन्हाळ्यात अनेकदा 45 अंशांच्या पुढे जातो. एप्रिल-मेमध्ये पॉलिस्टरच्या चादरीवर झोपून पाहा. ती घाम शोषत नाही. शिवाय आपल्याकडे कोळशाच्या खाणी आहेत, 2920 मेगावॉटचे वीज केंद्र आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2009 मध्ये देशातील अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांची यादी केली तेव्हा चंद्रपूर त्यात वरच्या क्रमांकांवर होते. घुग्घुस, दुर्गापूर, बल्लारपूरच्या बायकांना हे यादीतून कळायला नको, दोरीवरच्या कपड्यांवरून रोज कळते. अशा गावात लांब केसांचा गालिचा म्हणजे धुळीची कोठी. तो धुता येत नाही, झटकायला जड, आणि दमेकरी माणूस त्याच खोलीत झोपलेला असतो. त्यापेक्षा सुती सतरंजी बरी. ती दोघींनी धरून झटकता येते, धुता येते, उन्हात वाळते. उत्तम सतरंजी आपल्यापासून दूरही नाही. बल्लारशाहहून काझीपेठच्या रेल्वेमार्गाने गेले की वरंगळ. तिथल्या सतरंज्यांना भौगोलिक मानांकन आहे आणि तिथले गालिचे 1851 च्या लंडनच्या मोठ्या प्रदर्शनात गेले होते. चादर हवी तर सोलापूरची आहे. आपल्याच जिल्ह्यातले सावली हे खादीचे जुने केंद्र. 1936 मध्ये गांधी सेवा संघाचे अधिवेशन तिथे भरले, तेव्हा स्वतः गांधीजी आले होते.

आणि चटई? प्रेषित (स.) खजुरीच्या पानांच्या चटईवर नमाज पढत. एकदा हजरत उमर (रजि.) भेटीला गेले तेव्हा प्रेषित अशाच चटईवर पहुडले होते, अंगावर तिचे वळ उठले होते, आणि डोक्याखाली खजुरीच्या तंतूंनी भरलेली चामड्याची उशी होती. हे पाहून हजरत उमरना रडू आले. आपल्या रानात, नाल्याकाठी उभी असलेली शिंदी ही त्याच खजुरीची रानटी बहीण. शिंदीच्या पानांच्या चटया आणि झाडू आपल्याकडे होतात, बुरड मंडळी बांबूच्या चटया विणतात. इफ्तारला दस्तरख्वानाखाली अंथरायला, दुपारी अंग टाकायला यांच्यासारखे थंड काही नाही. ही चटई घरात आणली तर घराची शोभा कमी होणार नाही आणि पैसा जंगलाच्या कडेला राहणाऱ्या माणसाच्या हातात जाईल.

इथपर्यंत बहुतेकांना पटेल. आता जरा टोचणारी गोष्ट.

नवे आल्यावर जुन्याचे आपण काय करतो? 'गरिबाला देऊन टाकतो,' असे सहज सांगतो. डाग पडलेली गादी, विरलेली चादर, कुबट वास येणारे ब्लँकेट कामवालीला, फकिराला किंवा मदरशाला जाते, आणि आपल्याला सवाब मिळाला असे वाटते. कुरआनने यावर स्पष्ट शब्दांत बोट ठेवले आहे. सूरह बकरामध्ये बजावले आहे, की जी निकृष्ट वस्तू तुम्हाला कुणी दिली तर डोळे मिटल्याशिवाय तुम्ही घेणार नाही, ती अल्लाहच्या मार्गात द्यायला काढू नका. सूरह आले-इम्रानमध्ये सांगितले आहे, की स्वतःला प्रिय असलेल्या वस्तूतून खर्च केल्याशिवाय नेकी गाठता येत नाही. या दोन आयती मनात ठेवून आपल्या गच्चीवरच्या ढिगाकडे पाहावे. तो सदका आहे की अडगळ, हे लगेच कळते.

म्हणून माझे म्हणणे सरळ आहे. व्यवहार उलटा करा. जुने आपण नवे करून वापरू आणि बाजारातले कोरे दुसऱ्याला देऊ. आपली गादी पिंजून घ्या, सतरंजी धुवा, उशांना नव्या खोळी शिवा. घर ईदसाठी खरोखर नवे दिसते. त्यातून वाचलेल्या पैशाची एक तरी कोरी चादर किंवा रजई घ्या आणि घडी न मोडता द्या.

घेणारे शोधायला लांब जावे लागत नाही. जुलै 2022 च्या पुरात इरईचे पाणी चंद्रपूरच्या रहमतनगरात शिरले, तिकडे प्राणहिता आणि गोदावरीने सिरोंचा तालुक्यातली गावे पाण्याखाली घातली. पुरात भांडी धुऊन घेता येतात. भिजलेली कापसाची गादी मात्र वाळत नाही, आतून कुजते. ओसरल्या पाण्यानंतर आधी घराबाहेर पडते ती गादी आणि शेवटी पुन्हा घरात येते तीही गादीच, कारण आधी पोट असते. मदत म्हणून वाटले जाणारे करडे ब्लँकेट अनेकदा पानिपतात, देशोदेशींच्या टाकून दिलेल्या लोकरी कपड्यांचा भुगा करून विणलेले असते. वेळ निभावते, पण ते घर नव्हे. चंद्रपूर किंवा गडचिरोलीच्या सरकारी दवाखान्यात रात्री एकदा जाऊन या. भामरागड, एटापल्लीकडून रोगी घेऊन आलेली माणसे व्हरांड्यात काय अंथरून निजली आहेत, ते पाहा. त्यांत मुसलमान किती हे मोजू नका. जकात कुणाला द्यावी याचे नियम आहेत, ते आलिमांना विचारावेत. सदक्याला तसे कुंपण नाही.

थंडीचाही हिशेब आहे. चांद्र वर्ष दहा-अकरा दिवसांनी लहान असल्याने रमजान दरवर्षी मागे सरकतो. 2018 आणि 2019 मध्ये आपण मे-जूनच्या होरपळीत रोजे ठेवले. आता तो हिवाळ्याकडे निघाला आहे, आणि 2030 मध्ये तर जानेवारीत एकदा व डिसेंबर अखेरीस पुन्हा सुरू होईल. जंगलाकडच्या गावांत तेव्हा सहरीच्या वेळी हुडहुडी भरते. पुढची काही वर्षे ईदी म्हणून रजई देण्याचीच आहेत.

दोन गोष्टी घरातल्या पुरुषांसाठी. पहिली जकातीची. घरात वापरायच्या सामानावर जकात नसते, हा मसला सर्वांना ठाऊक आहे. शिल्लक रकमेवर मात्र अडीच टक्के द्यावी लागते. शिलकीचे गालिचे आणि सोफे करून टाकले तर हिशेबातून सुटता येईल, नियतीच्या हिशेबातून कसे सुटणार? दुसरी गोष्ट मेहनतीची. हे पडदे, या चादरी, या गाद्या रोजा ठेवून कोण धुते? घरातल्या बायका. ज्या दहा रात्रींत लैलतुल कद्र शोधायची, त्या रात्री पुरुष मशिदीत आणि बाई धुण्याच्या दगडाशी किंवा दुकानाच्या रांगेत असेल, तर त्या घराची सजावट कुणाच्या इबादतीच्या किमतीवर झाली? गादी गच्चीवर नेणे, सतरंजी झटकणे ही कामे मर्दांच्या हातांनीही होतात. प्रेषित (स.) घरकामात हातभार लावत, आपली चप्पल स्वतः सांधत, हे आपण बयानात ऐकतो. आणि हे काम पहिल्या अशऱ्यातच उरकले तर शेवटचे दहा दिवस सर्वांचेच मोकळे राहतील.

पिंजाऱ्याकडे जायचे तर तेही आजच जा. ईदच्या आदल्या दिवशी त्याच्याकडे ढीग लागतो. तोही रोजेदार आहे, नाकातोंडात कापसाची बारीक धूळ घेत दिवसभर मशीनपुढे उभा आहे. त्याच्याशी दहा-वीस रुपयांसाठी घासाघीस करू नका, आणि मजुरी ईदनंतर देतो म्हणू नका. मजुराचा घाम वाळण्याआधी त्याचे दाम द्यावे, ही शिकवण आपल्याच घरातली आहे.

ईदच्या सकाळी शेजारीपाजारी शीरखुर्म्याला येतील, धुतलेल्या सतरंजीवर बसतील. गालिचा कुठला, हे कुणी विचारणार नाही. पिंजलेल्या गादीत त्या रात्री छान झोप लागेल. आणि गावात आणखी एका घरात कुणीतरी कोऱ्या चादरीची घडी मोडली असेल.