घास अडकत असेल तर वाट पाहू नका

घरातलं मोठं माणूस आधी भाकरी सोडतं. मग चपाती आमटीत कुस्करून, मग नुसता गुरगुट्या भात, शेवटी पेज. विचारलं तर म्हणतं, "वय झालं, दात राहिले नाहीत." घरचे मायेने पेज करून देतात, आणि त्यात तीन-चार महिने निघून जातात. हे महिने घालवू नका, हात जोडून विनंती आहे.

अन्ननलिका ताणली जाते. त्यामुळे आत गाठ वाढत असली तरी सुरुवातीला काही जाणवत नाही. घास अडकू लागतो तेव्हा वाट बरीच अरुंद झालेली असते. आधी घट्ट, मग मऊ, मग पाणीसुद्धा अडकतंय आणि वजन उतरतंय, तर कर्करोगाची शंका धरूनच चाला. मिश्री, तंबाखू, विडी, दारू असेल तर अधिकच. दरवेळी कर्करोगच निघतो असं मुळीच नाही. जुन्या आम्लपित्ताने नळी आक्रसते. रक्त कमी असलेल्या काही बायकांच्या नळीत वरच्या बाजूला पातळ पडदा धरतो. पहिल्यापासून घन आणि पातळ दोन्ही अडकत असेल, तर नळीच्या हालचालीतच दोष असू शकतो. या सगळ्यांवर उपचार आहेत, पण कारण बाहेरून ओळखता येत नाही.

म्हणून दोन आठवड्यांच्या आत एंडोस्कोपी करून घ्या. दुर्बीण आत घालून पाहणं काही मिनिटांचं काम आहे, आणि संशय आला तर त्याच वेळी तुकडा तपासणीला काढता येतो. लागलंच तर बेरियम पाजून एक्स-रे, नळीतला दाब मोजणारी मॅनोमेट्री. मेडिकलमधून ॲसिडिटीच्या गोळ्या आणून दिवस ढकलू नका.

गिळताना ठसका लागतो, पाणी नाकातून येतं, जेवल्यावर आवाज घोगरा होतो, तेव्हा दोष बहुधा घशाकडे किंवा मेंदूकडे असतो: लकवा, पार्किन्सन. लकवा आलेल्या माणसाच्या तोंडात घाबरून पाणी ओतू नका! गिळण्याची चाचणी होईपर्यंत तोंडाने काहीच नको. अन्न फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होतो, आणि काहींना ठसकाही लागत नाही.

घास अडकून लाळसुद्धा गिळता येत नसेल तर वरून केळं, पाणी देऊ नका. तडक रुग्णालय गाठा.

आज रात्री जेवताना आईला, आजोबांना विचारा: घास कुठे अडकतो? कधीपासून? पाणीही अडकतं का? उत्तरं कागदावर लिहा, वजन करून तेही लिहा, आणि तो कागद घेऊन उद्याच डॉक्टरांकडे जा.