राहत्या देशात खिडकी का नाही?

अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने ६ सप्टेंबर २०२५ रोजी सूचना काढली की तात्पुरत्या व्हिसाची मुलाखत अर्जदाराने आपल्या नागरिकत्वाच्या देशात किंवा राहत्या देशातच द्यावी. तोवर एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर काम करणारे कितीतरी भारतीय मेक्सिको, कॅनडा, थायलंड अशा तिसऱ्याच देशात तारीख मिळवून स्टँपिंग, म्हणजे पासपोर्टावर व्हिसाचा नवा शिक्का घेणे, उरकत. ती वाट आता जवळपास बंद झाली आहे. ‘आपल्याच देशात येऊन व्हिसा घ्यायला कुणाची ना आहे?’ असे म्हणत आपल्याकडेही काहीजण या बंदीची पाठराखण करतात. पण तिच्या बाजूने मांडली जाणारी कारणे नोकरीच्या व्हिसाच्या नूतनीकरणाला लावून पाहिली, तर त्यांतले एकही टिकत नाही.

सर्वांत वजनदार कारण असे दिले जाते की अर्जदार मायदेशी परतेल की नाही, हे मायदेशातल्या अधिकाऱ्यालाच नीट जोखता येते. पर्यटकाच्या बाबतीत हे रास्त आहे. तिथे अमेरिकी इमिग्रेशन कायद्याचे कलम २१४(बी) प्रत्येकाला कायमचे राहायला आलेला समजूनच चालते, आणि घरदार, शेतीवाडी, धंदा यांचे पुरावे मुंबईतल्या अधिकाऱ्याला अधिक कळणार. पण याच कलमाने एच-१बीला त्या गृहीतकातून स्पष्टपणे वगळले आहे. जो प्रश्न कायदाच विचारत नाही, त्याचे उत्तर कुठल्या देशात चांगले मिळते याची चर्चा फोल आहे. दुसरे कारण बनावट कागदपत्रांचे. खोट्या पदव्यांचा धंदा आपल्याकडे चालतो, त्यामुळे पहिल्यांदा अर्ज करणाऱ्याला मायदेशीच बोलावले तर तक्रार करता येणार नाही. नूतनीकरण करणाऱ्याची पदवी मात्र आधी इमिग्रेशन खात्याने आणि मग पहिल्या मुलाखतीत वकिलातीने पाहिलेली असते, त्याच्या बोटांचे ठसेही त्यांच्याच संगणकात असतात. तिसऱ्या देशातल्या लोकांच्या तारखा हे परके खातात, हा आक्षेपही खोटा नाही. परंतु पूर्वी प्रत्येक वकिलात आपला भार पाहून परदेशी अर्जदार घ्यायचे की नाही ते ठरवत असे, आणि तेवढी मुभा त्यासाठी पुरेशी होती. सरसकट बंदीने तो भार मुंबई, दिल्ली, चेन्नई, हैदराबाद आणि कोलकाता या पाच ठिकाणी येऊन पडतो.

आता नियमाचे स्वतःचेच तत्त्व पाहा. तो राहत्या देशाला नागरिकत्वाच्या बरोबरीने मान देतो. दुबईत राहण्याचा परवाना असलेला कोल्हापूरचा अभियंता तिथल्या अमेरिकी वकिलातीत अर्ज करू शकतो, आणि ते योग्यच आहे. मग न्यू जर्सीत घर करून राहिलेल्या, तिथेच कर भरणाऱ्या त्याच्या भावाचा राहता देश कोणता? अमेरिकाच. आणि नेमकी तिथेच त्याच्यासाठी खिडकी नाही. त्याच्या हातातले कागद पाहिले की विसंगती उघडी पडते. मुदतवाढीच्या मंजुरीपत्राच्या खालच्या भागात आय-९४ हा मुक्कामाच्या मुदतीचा कागद असतो आणि त्यावरच्या तारखेपर्यंत त्याचे राहणे, काम करणे पूर्ण कायदेशीर असते. पासपोर्टातल्या शिक्क्याची मुदत मात्र केव्हाच संपलेली असू शकते. अमेरिकेत असेतो काही बिघडत नाही. आई आजारी पडली किंवा घरात कार्य निघाले आणि तो भारतात आला, की त्याच शिक्क्यावाचून परतीचे विमान गाठता येत नाही. डिसेंबर २०२५मध्ये समाजमाध्यमांची नवी तपासणी सुरू झाली, भारतातल्या कित्येक मुलाखती महिनोन्महिने पुढे गेल्या आणि सुट्टीवर आलेली माणसे इथेच अडकली. नोकरी तिकडे, मुलांची शाळा तिकडे, आणि कुणाच्याही अर्जात दोष निघालेला नाही! हा निव्वळ अन्याय आहे.

अमेरिकेतच नूतनीकरण करावे, ही मागणी नवखी नाही. २००४पर्यंत परराष्ट्र खाते ते करतच होते. बोटांचे ठसे बंधनकारक झाले तेव्हा ती सोय थांबली. ते कारणही आता उरलेले नाही, कारण जानेवारी-फेब्रुवारी २०२४मध्ये वीस हजार अर्जांची मर्यादा ठेवून जो प्रयोग झाला, त्यात पूर्वी दिलेलेच ठसे ग्राह्य धरले गेले. त्या प्रयोगात भारतात मिळालेल्या व्हिसांबरोबर कॅनडात मिळालेलेही घेतले होते. कॅनडाच्या नागरिकाला एच-१बीसाठी व्हिसा लागतच नाही. म्हणजे ते सगळे शिक्के इतर देशांच्या नागरिकांचे होते, आणि परराष्ट्र खात्याने त्यांवर विनातक्रार भरवसा ठेवला. तिसऱ्या देशात केलेली तपासणी कच्ची असते, असे मग कोणत्या तोंडाने म्हणायचे?

तिसऱ्या देशात अर्ज अडकला तर माणूस ना घरचा ना घाटचा होतो, म्हणून बंदी त्याच्याच हिताची, असे सांगणारेही भेटतात. धोका खराच आहे. २००२पासून तर कॅनडा-मेक्सिकोत व्हिसासाठी अर्ज केला की जुन्या शिक्क्यावर अमेरिकेत परतण्याची सवलतही जाते. पण या धोक्यावरचा इलाज वॉशिंग्टनमध्ये आहे. प्रयोगाच्या अटी तयार आहेत, त्यांवर कायमची सोय उभी करता येते. ती होईपर्यंत, ज्याला एकदा व्हिसा मिळालेला आहे आणि ज्याने मुदत कधी मोडलेली नाही, त्याचा अर्ज ज्या वकिलातीत तारखा मोकळ्या असतील तिथे घेतला जावा.