तरुण सेल्डनला आधी भेटू नका

आयझॅक आसिमोव्ह यांची ‘फाउंडेशन’ मालिका हाती घेणाऱ्या नवख्याला हटकून एक सल्ला मिळतो: कथेतल्या काळाच्या क्रमाने वाच. म्हणजे आधी ‘प्रिल्यूड टु फाउंडेशन’. तिथे हरी सेल्डन ३२ वर्षांचा आहे आणि भविष्याची भाकितं करणारं त्याचं गणित अजून पाळण्यात. मधूनच सुरुवात करणं म्हणजे आधी कळस मग पाया, असं या मंडळींचं म्हणणं. वर दाखला खुद्द लेखकाचा. १९८८च्या त्याच पुस्तकाच्या आरंभी आसिमोव्ह यांनी आपली पुस्तकं घटनाक्रमाने लावून दिली आहेत.

दाखला खरा, पण अर्धा. याच क्रमाने वाचावं असं सांगताना त्यांनी ‘कदाचित’ घातलंय, ते कुणी सांगत नाही. शिवाय ती यादी सेल्डनपासून सुरूच होत नाही, यंत्रमानवांच्या कथांपासून होते. ती पाळायची तर सेल्डनचा नंबर लागेपर्यंत नमनालाच घडाभर तेल! म्हणून हे लोक यादी सोयीपुरती वापरतात.

खरं नुकसान पुढे आहे. १९५१च्या ‘फाउंडेशन’मध्ये सेल्डन जिवंत भेटतो तो फक्त पहिल्या भागात. मग टर्मिनस ग्रहावर पन्नास वर्षं विश्वकोशाचं काम चालतं. शेजारचं अनाक्रिऑन राज्य गिळायला टपलेलं, आणि विश्वस्त मंडळाला काळजी पहिला खंड वेळेवर निघेल की नाही याची. अशात सेल्डनने बंद करून ठेवलेली खोली उघडते, चाकाच्या खुर्चीतल्या म्हाताऱ्याची प्रतिमा उमटते आणि तो जे सांगतो त्याने त्या पन्नास वर्षांचा अर्थच पालटतो. काय सांगतो ते इथे लिहीत नाही. त्या प्रसंगाचा दरारा सेल्डनशी आपली फारशी ओळख नसण्यावर उभा आहे. ‘प्रिल्यूड’मधून आलेल्याने मात्र याच माणसाला ट्रँटॉर ग्रहावर जीव मुठीत धरून पळताना पाहिलेलं असतं. दरारा कसला वाटणार? गंमत म्हणजे ‘प्रिल्यूड’चा शेवटही त्याला लागत नाही, कारण तिथला उलगडा रंगतो तो यंत्रमानवांच्या कादंबऱ्यांतलं एक जुनं पात्र ओळखीचं असेल तर. एका दगडात दोन्ही पुस्तकं मेली.

दुसरा पक्ष म्हणतो, मूळ पुस्तक रूक्ष आहे. खोलीत बसून माणसं नुसती वाद घालतात, बायका जवळपास नाहीतच. त्यापेक्षा ह्यूगो मिळवणाऱ्या १९८२च्या ‘फाउंडेशन्स एज’पासून सुरू करा. बायकांचा आक्षेप बिनतोड आहे. वादाचा नाही. १९४२पासून मासिकात सुट्या आलेल्या या कथांची जानच ती: लढाई न करता टर्मिनसचा महापौर साल्व्हर हार्डिन शत्रूला कोंडीत कसा धरतो ते पाहणं. ज्याला हे कंटाळवाणं वाटेल त्याने मालिका सोडलेली बरी. आणि सेल्डनची भाकितं खरी ठरण्याची इथेच सवय लागली नसेल, तर दुसऱ्या पुस्तकाच्या उत्तरार्धात पहिल्यांदा भाकीत चुकतं तेव्हा पोटात गोळा यायचा नाही. बेटा नावाची खमकी नायिकाही तिथेच आहे.

लेखनक्रमाचं फारच सोवळं पाळणाऱ्यांनी मात्र पहिला भागही वगळावा. तो १९५१च्या पुस्तकासाठी मागाहून लिहिलेला आहे! मी तितका कर्मठ नाही. मूळ तीन पुस्तकं, मग ‘द केव्ह्ज ऑफ स्टील’ आणि ‘द नेकेड सन’, मग १९८२ आणि १९८६च्या कादंबऱ्या. ‘प्रिल्यूड’ त्यानंतर, तोवर त्याच्या शेवटाकडे येणारं ते नाव नीट ओळखीचं झालेलं असतं.