मुक्या सोबत्यांसाठी : फटाक्यांची भीती की पोटाला पीळ?

गेल्या वर्षीची लक्ष्मीपूजनाची रात्र. बाहेर फटाक्यांचा कडकडाट चाललेला, आणि आमच्या ओळखीच्या एका घरी सहा वर्षांचा ग्रेट डेन या खोलीतून त्या खोलीत येरझारा घालीत होता. तोंडातून लाळ गळत होती. सारख्या ओकाऱ्या येत, पण बाहेर काही पडत नव्हते. "फटाक्यांना भ्यालाय," असे म्हणून मंडळी फराळाला बसली. कोणी अजीर्ण समजून ओव्याचे पाणी पाजले. मध्यरात्री पोट नगाऱ्यासारखे झाले, हिरड्या पांढऱ्या पडल्या. पहाटे डॉक्टरांच्या दारात पोचता पोचता तो गेला.

तो भ्याला नव्हता. त्याच्या जठराला पीळ पडला होता.

ग्रेट डेन, अल्सेशियन, सेंट बर्नार्ड अशा खोल छातीच्या मोठ्या कुत्र्यांत हा विकार अधिक आढळतो. जठर वायूने फुगते आणि स्वतःभोवती फिरते. वायूला ना वर वाट, ना खाली. फुगलेले जठर मोठ्या शिरा दाबते, हृदयाकडे परतणारे रक्त अडते, आणि काही तासांत प्राण जातो.

यावर घरगुती उपाय नाही. काही पाजू नये, पोट चोळू नये. डॉक्टरांना फोन करून तडक निघावे. ते शिरेतून सलाइन देतात, तोंडातून नळी घालून किंवा जाड सुई टोचून वायू काढतात. मग शस्त्रक्रियेने पीळ सोडवून जठर उजव्या बाजूस पोटाच्या भिंतीला शिवतात. या टाक्यांवाचून दुखणे उलटण्याची भीती फार.

हेच टाके आधीही घालता येतात; मादीच्या बाबतीत गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियेबरोबरच. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासाच्या हिशेबाप्रमाणे त्यामुळे या विकाराने होणारे मृत्यू रॉटवायलरमध्ये सुमारे दोन पटींनी, तर ग्रेट डेनमध्ये सुमारे २९ पटींनी घटतात. टाके घातल्यावरही जठर क्वचित फुगते, पण पीळ सहसा पडत नाही. शिवाय दिवसाचे खाणे एकदम न घालता दोन-तीनदा विभागून द्यावे.

दिवे लावण्यापूर्वी रात्री उघड्या असणाऱ्या जनावरांच्या दवाखान्याचा नंबर लिहून ठेवा. आणि कोरड्या ओकाऱ्या दिसल्या, तर पोट फुगलेले नसले तरी फराळाचे ताट बाजूला सारून उठा.