जवानाच्या घरचे दुखणे

सातारा जिल्ह्यातील अपशिंगे गावाच्या नावालाच ‘मिलिटरी’ हा शब्द जोडलेला आहे, इतका त्या गावाचा सैन्याशी संबंध! अशा गावांतील जवान निवृत्त होऊन घरी परततो, तेव्हा लष्करी इस्पितळ मात्र दूर छावणीत राहते. ही उणीव भरून काढण्यासाठी १ एप्रिल २००३ रोजी माजी सैनिक अंशदायी आरोग्य योजना सुरू झाली. निवृत्तिवेतनधारक सैनिक व त्याच्यावर अवलंबून असलेले कुटुंबीय यांना तिच्या पॉलिक्लिनिकमध्ये उपचार मिळतात. पुढे तेथील चिठ्ठी घेऊन मान्यताप्राप्त इस्पितळात जाता येते.

योजना चांगलीच आहे. पण कार्ड, चिठ्ठी, तपासण्या आणि एस.टी.चा प्रवास यांचा मेळ कोणी घालायचा? सत्तरी ओलांडलेल्या वीरपत्नीने? आणीबाणीच्या प्रसंगी चिठ्ठीवाचूनही अशा इस्पितळात दाखल होता येते, हे तिला कोण सांगणार? हक्क कागदावर असून वाट ठाऊक नसावी, ही उपेक्षाच नव्हे काय?

दर स्वातंत्र्यदिनी आपण जवानांचा जयजयकार करतो. यंदा आपल्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात अशा घरांची यादी करावी, त्यांचे अर्ज भरून द्यावेत आणि पहिल्या खेपेला त्यांच्यासोबत पॉलिक्लिनिकपर्यंत जावे.