बी झाका, पाखरं हाकलू नका

थंडी ओसरली की अंगणात हिरवळ करायचे बेत सुरू होतात आणि हरळीचं बी पडताच चिमण्यांवर आळ येतो. मग कुणीतरी नायलॉनची जाळी पसरतं. गेल्या आठवड्यात अशाच एका जाळीतून बुलबुल सोडवला. पायाला धागा इतका करकचून बसला होता की नखं कापायच्या कात्रीचं टोक कसंबसं आत गेलं. बी वाचवायला ही किंमत मोजायची काहीच गरज नाही.

हरळीचं बी मोहरीहून कितीतरी बारीक. मुनिया ते टिपतात, मुंग्याही पळवतात. पण चिमण्यांकडे जरा नीट पाहा. पुष्कळदा त्या दाणे टिपतच नसतात. चाळलेली भुसभुशीत माती दुपारी वरून सुकली की तिच्यात पोट टेकवून, पंख फडफडवून त्या धुळीची अंघोळ करतात. मागे वाटीएवढे खळगे राहतात, बी कडेला ढिगानं जमतं आणि पुढे हिरवळीला टकलं पडतात. त्यांना ती धूळ दुसरीकडे द्यावी. पसरट घमेल्यात कोरडी बारीक माती, शेजारी पाण्याचं उथळ भांडं, बस्स. धान्य मूठभरच ठेवा, नाहीतर पारवे जमतात. आणि पेरणीतून उरलेलं गुलाबी-लाल बियाणं मुळीच घालू नका, तो रंग विषारी औषध लावल्याची खूण असते.

वाफ्यावर बी टाकल्यावर चाळलेलं शेणखत अगदी पातळ भुरभुरवा, झारीनं पाणी द्या आणि ओलं गोणपाट अंथरून कडांना विटा ठेवा. ओल टिकते, पाखरं बियांपासून दूर राहतात. बी उगवायला एक ते तीन आठवडे लागतात. सहाव्या-सातव्या दिवसापासून रोज कोपरा उचलून बघा. कोंब दिसले की त्याच संध्याकाळी गोणपाट काढा. उशीर झाला तर कोंब तागात गुंततात आणि ओढताना उपटून येतात.

नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांच्या पुढाकारानं २०१० पासून २० मार्चला जागतिक चिमणी दिवस पाळला जातो. आपल्याकडे याच सुमारास वळचणीत पिल्लं चिवचिवत असतात. चिमणी स्वतः दाणे खाते, पिल्लांना मात्र अळ्या-किडे भरवते. तेव्हा हिरवळीवर कीटकनाशक फवारायला कुणी आलं, तर त्याला दारातूनच परत पाठवा.